दगडी पाला आणि चिंतावार मॅडम

चिंतावार मॅडम प्रयोगशाळेचं दार उघडल्यावर आधी नाक आत घालायच्या आणि मग पाय. उंबऱ्यातच थांबून एक लांब श्वास घ्यायच्या आणि इन्क्युबेटरकडे न बघताच सांगायच्या, "कुणाचं तरी हिरवं वाढलंय. कुणाची प्लेट आहे?" आणि खरोखरच कुणाच्या तरी काचेच्या ताटलीत, जिथे पिवळसर ठिपके यायला हवे होते तिथे, हिरवट साय धरलेली असायची. ज्याची ताटली तो विद्यार्थी मान खाली घालून उभा. "हात धुतले नाहीत," मॅडम निदान करायच्या. "नळाखाली धरले असतील. धरणं वेगळं आणि धुणं वेगळं."

राजमणी चिंतावार हे त्यांचं पूर्ण नाव. नांदेडच्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मूळच्या बिलोलीच्या. तेलंगणाची हद्द तिथून हाकेवर, त्यामुळे घरात तेलुगू, दारात मराठी. पोरं त्यांना पाठीमागे 'चिंता' म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं. दरवर्षी पहिल्याच तासाला त्या स्वतःच सांगून टाकायच्या, "मला मागून चिंता म्हणतात, माहीत आहे. आमच्या तेलुगूत चिंता म्हणजे चिंच. तेव्हा काळजी करू नका, पण दात आंबतील."

दात आंबायचेच. बुटक्या, सुती साडीवर पांढरा कोट, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि चालताना सपातांचा असा आवाज की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोरं हातातली बिस्किटं लपवायची. प्रयोगशाळेत खाणं हा त्यांच्या लेखी खुनाच्या खालोखालचा गुन्हा होता. तोंडात पेन धरणं हा त्याच्या खालोखाल. जंतू मोजताना त्या तेलुगूत मोजायच्या, "ओकटी, रेंडू, मूडू..." मी एकदा विचारलं, मराठीत का मोजत नाही. म्हणाल्या, "मराठीत मोजलं की मधेच कुणीतरी हाक मारतं. तेलुगूत पुटपुटायला लागले की मंत्र चाललाय समजून लोक लांब राहतात."

मी रसायनशास्त्राचा. गाव लातूर, नोकरी नांदेडला. म्हणून त्या मला 'ओ लातूर' अशीच हाक मारायच्या. आमची ओळख झाली ती एका पिशवीमुळे. एक दिवस त्या माझ्या टेबलावर वाळलेल्या पानांची पिशवी ठेवून म्हणाल्या, "ओ लातूर, ह्याचा अर्क काढून द्या. पण घाईनं नको. घाईनं काढलेल्या अर्कात पानापेक्षा घाईच जास्त असते."

तिथून पुढे कितीतरी वर्षं हेच चाललं. झाडपाला त्या आणायच्या, सावलीत वाळवायच्या, भुकटी करायच्या. मी त्यातून मिथेनॉलनं अर्क काढायचो. मग मॅडम काचेच्या ताटलीत अगारचा, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या जेलीचा, थर ओतायच्या, त्यावर जंतू पसरायच्या, थराला बारीक खड्डा पाडायच्या आणि त्यात अर्काचे थेंब सोडायच्या. दुसऱ्या दिवशी बघायचं. अर्कात दम असेल तर खड्ड्याभोवतीचे जंतू मरतात आणि तिथे एक स्वच्छ, मोकळं वर्तुळ दिसतं. नसेल तर जंतू खड्ड्याच्या काठापर्यंत मजेत वाढलेले असतात. त्या मोकळ्या वर्तुळासाठी माणसं वेडी होतात. मी होत असे. मॅडम नाही. सुंदर वर्तुळ दिसलं की त्या संशयानंच बघायच्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "एकदा आलं ते नशीब. दोनदा आलं ती मेहनत. तिसऱ्यांदा आलं तर बोलू."

सविता सूर्यवंशी नावाची एक विद्यार्थिनी त्यांच्याकडे एम.एस्सी.चा प्रकल्प करत होती. निलंग्याजवळच्या खेड्यातली, चुणचुणीत, थोडी उतावळी. एका सकाळी ती हातात ताटली आणि पिशवीत पेढे घेऊनच आली. अर्काभोवती एवढं मोठं वर्तुळ पडलं होतं की मी पण खुर्चीतून उठलो.

मॅडमनी ताटली उजेडाला धरली. "कंट्रोल कुठे आहे?"

"कंट्रोल... ठेवला नव्हता, मॅडम."

"म्हणजे नुसत्या मिथेनॉलचा खड्डा केलाच नाही?"

"त्यात काय, मॅडम. त्यात तर औषध नसतं."

"कर. उद्या ये. पेढे झाकून ठेव."

दुसऱ्या दिवशी नुसत्या मिथेनॉलभोवतीसुद्धा तेवढंच वर्तुळ पडलं होतं. सवितानं अर्क नीट वाळवलाच नव्हता, मिथेनॉल त्यात तसंच राहिलं होतं. जंतू मिथेनॉलनं मारले होते. मॅडम म्हणाल्या, "मारलं मिथेनॉलनं आणि हार पाल्याच्या गळ्यात!" सविता रडायला लागली. मॅडमनी तिला रडू दिलं. मग हाताला धरून व्हरांड्यात आणलं आणि म्हणाल्या, "आता काढ पेढे."

"कशाचे, मॅडम?"

"खोटं आपणच पकडलं, त्याचे. दुसऱ्यानं पकडलं असतं तर पेढे त्यानं खाल्ले असते."

लोकांना हा स्वभाव झेपत नसे. एकदा बाहेरून आलेल्या एका मोठ्या पाहुण्यांनी भर सभेत आपल्या वनस्पतीचे गोडवे गायले, एकापाठोपाठ एक वर्तुळांचे फोटो दाखवले. टाळ्या झाल्या. मॅडमनी मागच्या रांगेतून हात वर केला. "सर, कंट्रोलचा फोटो दाखवता का?" पाहुण्यांकडे तो नव्हता. पुढे चहापानाला मॅडमशेजारी कुणी उभं राहिलं नाही. त्या शांतपणे एकट्याच चहा पीत होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, हे नंतर एकांतात विचारता आलं असतं. "आलं असतं," त्या म्हणाल्या, "पण टाळ्या एकांतात वाजल्या नव्हत्या ना." अशा उत्तरांमुळे त्यांची बढती रखडली, त्यांच्या नावावर शोधनिबंध थोडेच राहिले. कधी कधी मला वाटायचं, बाई विनाकारण अडून बसतात. दुसऱ्यांच्या कामातही त्या त्याच फूटपट्टीनं मोजत, आणि ती फूटपट्टी सगळ्यांच्या हाडांना सोसायची नाही.

दगडी पाल्याचं काम मात्र वेगळं होतं. एरवी निर्विकार असणाऱ्या मॅडम ह्या एका पानाबद्दल हळव्या होत्या. दगडी पाला म्हणजे बांधावर, रस्त्याकडेला कुठेही उगवणारं ते पिवळ्या-पांढऱ्या फुलाचं झुडूप. कुणी एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. लहानपणी खरचटलं की त्याचा रस पिळलेला नाही असा माणूस आमच्या भागात सापडणार नाही.

तो गोळा करायला आम्ही लोह्याकडे गेलो होतो. मॅडमची स्कूटर, मागे मी, माझ्या मांडीवर जुनी वर्तमानपत्रं. पान फुलासकट खुडून वर्तमानपत्रात दाबून ठेवायचं आणि वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून आधी ओळख पटवून घ्यायची, हा त्यांचा दंडक. म्हणायच्या, "फूल नसलेली फांदी म्हणजे नाव न सांगणारा माणूस. घरात कसं घ्यायचं?" एका बांधावर दगडी पाला तरारून आला होता. मॅडम बसल्या आणि खुडू लागल्या. तेवढ्यात सोयाबीनमधून एक बाई आली.

"काय हुडकून राहिलाव, बाई? शेळीला पाला का?"

"नाही हो मावशी, प्रयोगाला."

"कशाला?"

"जंतू मरतात का बघायचंय."

"मरत्यात की! कालपरवाच फवारा मारलाय आमी. किडे समदे चिडीचूप."

मॅडमच्या हातातली जुडी तिथेच खाली पडली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लातूर, हात झटका. हा पाला जंतूंना काय, आपल्यालाही मारील." त्या मावशीला इतकं हसू आलं की तिनं आम्हाला विहिरीवर नेऊन हात धुवायला लावले, शेंगा दिल्या आणि वरच्या गायरानात फवारा न लागलेला पाला कुठे आहे ते दाखवलं.

परतताना लोह्याच्या स्टँडसमोर चहाला थांबलो तेव्हा मॅडमनी नान्नांची गोष्ट सांगितली. नान्ना म्हणजे त्यांचे वडील. बिलोलीत त्यांचं किराणा दुकान. त्याच्या ओट्यावर बाजारच्या दिवशी माणसं यायची: कुणाला विळा लागलेला, कुणाला काटा मोडलेला, कुणाच्या पायावर बैलानं पाय दिलेला. नान्ना दगडी पाला ठेचून जखमेवर बांधायचे. कुणाकडून काही घ्यायचे नाहीत.

"मी परात धरायचे," मॅडम म्हणाल्या. "लोक त्यांच्या पाया पडायचे. मला वाटायचं, माझा बाप देवच आहे. पुढे हे शास्त्र शिकले तेव्हा पहिल्यापासून मनात होतं, नान्नांच्या पाल्याला एकदा परीक्षेला बसवायचं."

"आणि नापास झाला तर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "लाडका आहे म्हणून पास करणार नाही. पण होऊ नये असं वाटतं, लातूर. खोटं कशाला बोलू."

पाला पास झाला. जखमेत पू करणारा जो एक नेहमीचा जंतू असतो, त्याची प्रयोगशाळेत सांभाळलेली जात सविताच्या ताटलीत होती. ह्या वेळी अर्क नीट वाळवलेला, कंट्रोल शेजारी. अर्काभोवती लहानसं पण स्वच्छ वर्तुळ आलं. दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदाही आलं. मॅडम स्टुलावर बसल्या, चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या, मग व्हरांड्यात जाऊन बिलोलीला फोन लावला. बराच वेळ तेलुगूत बोलत होत्या. मला त्यातले 'दगडी पाला' एवढेच शब्द कळले. पण आवाज कळत होता. परात धरणाऱ्या पोरीचा होता तो.

ही बातमी कॉलेजबाहेर गेली. एक वार्ताहर आला. मॅडमनी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं, की हे काचेच्या ताटलीत झालंय, माणसाच्या अंगावर नाही. एका जातीच्या जंतूवर झालंय, सगळ्या नाही. त्यानं सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'जखमेवर रामबाण दगडी पाला: नांदेडच्या प्राध्यापिकेचं संशोधन'. मॅडमचा फोटो, शेजारी प्राचार्य. ताटली कुठेच नव्हती. मॅडम चिडल्या, पण खरं सांगायचं तर थोड्या सुखावल्याही. बिलोलीत नान्नांच्या ओट्यावर गर्दी वाढली होती. नान्ना येईल त्याला सांगत होते, "माझ्या पोरीनं सिद्ध केलंय."

मग काही दिवसांनी सविता आली. गावाकडून थेट आली होती, डोळे सुजलेले. तिच्या वडिलांना, दिगंबररावांना, साखरेचा त्रास होता. पायाला खिळा लागून जखम झाली होती आणि ती चिघळली होती. गावचे डॉक्टर लातूरच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हणत होते. दिगंबरराव ऐकत नव्हते. पाला बांधत होते.

"मी सांगून थकले, मॅडम. ते म्हणतात, तूच तर शोध लावलाय ना."

मॅडमनी कोट काढून खुंटीला लावला. पिशवीत निर्जंतुक केलेल्या, कापूस लावलेल्या दोन काड्या आणि बंद नळ्या टाकल्या. "चल. लातूर, तुम्ही पण चला. तुमच्याकडचा रस्ता आहे."

एसटीनं लातूर, तिथून निलंगा, पुढे काळीपिवळी.  दिगंबरराव ओसरीत बाजेवर बसले होते. पन्नाशीपुढचा, खणखणीत आवाजाचा माणूस. पायाला फडकं, फडक्यातून हिरवा रस. मॅडमनी फडकं सोडलं आणि मी पाहिलं, प्रयोगशाळेच्या दारातल्यासारखाच त्यांनी लांब श्वास घेतला. तो गोडसर, नासक्या फळासारखा वास मलाही आला. पाल्याचा रस निघाला तरी खालचं हिरवं तसंच होतं. तो पू होता.

"भाऊ, आजच्या आज लातूरला चला."

"कशाला? पाय कापायला? माझ्या थोरल्या भावाचा तिथंच कापला. न्हाई येणार मी."

"पाल्यानं हे बरं होणार नाही."

दिगंबरराव हसले. आतून पेपरचं कात्रण आणायला लावलं आणि मॅडमच्या हातात दिलं. "हे बगा. तुमचाच फोटो हाय ना? तुमीच सांगितलाव, आन तुमीच आता न्हाई म्हणलालाव. आमी कुणाचं ऐकावं?"

मॅडम त्या कात्रणाकडे बघत राहिल्या.  सविता खांबाला टेकून रडत होती.

"माझं चुकलं, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "पेपरवाल्यानं अर्धं छापलं, हे खरं. पण ते छापून आल्यावर मी गप्प बसले, हे माझं चुकलं. हे सांगायलाच आले आहे."

"तुमी मोठ्या मनाच्या हाव. पण पाय माझा हाय."

पुष्कळ समजावल्यावर एवढंच कबूल झालं, की गावच्या डॉक्टरांकडून साखरेची गोळी आणि इंजेक्शन सुरू करायचं. मॅडमनी काडीनं पायातला पू घेतला, नळीत बंद केला. निघताना म्हणाल्या, "तुमच्या पायातल्या जंतूला आणि माझ्या पाल्याला समोरासमोर आणते. मग तुम्हीच बघा कोण जिंकतं. एवढं तरी बघाल ना?"

"बगतो की. कामून न्हाई?"

नांदेडला पोचल्या त्याच दिवशी त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, नळीतला पू ताटलीत लावला. दोन, पेपरकडे खुलासा पाठवला. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मी सोबत होतो. ते भले गृहस्थ होते, पण वैतागले होते. "मॅडम, कॉलेजचं नाव झालंय. आता आपणच कशाला पाणी ओतायचं?"

"सर, नाव झालंय ते खऱ्यावर होऊ द्या. एका माणसाचा पाय सडतोय."

खुलासा छापून आला, आतल्या पानावर, कोपऱ्यात, फोटोशिवाय.

पुढच्या फेरीला सविताला आणि मला घेऊन त्या निलंग्याला गेल्या तेव्हा ताटल्या चिकटपट्टीनं बंद करून स्टीलच्या डब्यात घेतल्या होत्या. बसमध्ये डबा मांडीवर घट्ट धरला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "लाडू का?" तर म्हणाल्या, "नाही हो, पाहुणे आहेत. उघडायचे नाहीत."

दिगंबरराव आता बाजेवर पडूनच होते. ताप होता. मॅडम जमिनीवर बसल्या आणि झाकण न उघडता ताटली त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही हिरवी साय दिसते? हे तुमच्या पायातले जंतू."

"हं."

"हा मधला खड्डा दिसतो? ह्यात पाला आहे. कुठला साधासुधा नाही, सविताच्या हातचा, आटवून घट्ट केलेला. आता बघा, जंतू कुठवर आलेत?"

दिगंबररावांनी ताटली हातात घेतली, दाराच्या उजेडाकडे वळवली. जंतू खड्ड्याच्या अगदी काठाला लागून वाढले होते. एक रेघभर जागा मोकळी नव्हती.

"हे तर पाल्याच्या मांडीवर बसल्यात," ते म्हणाले.

"हाव. आणि ही बाजूची टिकली दवाखान्यातल्या औषधाची."

तिच्याभोवती मोठं, काचेसारखं स्वच्छ वर्तुळ होतं. दिगंबररावांनी बोट काचेवरून त्या वर्तुळाभोवती फिरवलं. पुन्हा पाल्याच्या खड्ड्याकडे बघितलं. मग लेकीकडे.

"सवे," ते म्हणाले, "हे तू लावलीस का?"

"मॅडमनी आणि मी, दोघींनी. तीनदा लावलं, बापू."

"पाय जाईल का माझा?"

सविता मॅडमकडे बघू लागली. मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही, भाऊ. मी डॉक्टर नाही. पण इथं पडून राहिलात तर जाईल, आणि नुसता पायच जाणार नाही."

दिगंबररावांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "गाडी सांगा."

लातूरला दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडा उशीर झाला असता तर गुडघ्याच्या खालचं काही सांगता आलं नसतं. मॅडम हे ऐकून बाकावर बसल्या आणि पहिल्यांदाच मला त्या थकलेल्या दिसल्या. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही त्यांचा पाय वाचवला. त्यांनी मान हलवली. "लातूर, बोटं गेली ना. ती कुणाच्या हिशोबात धरायची?" मग लगेच उठल्या. "रविवारी बिलोलीला चला. अर्क तुम्ही काढलाय, साक्षीला तुम्ही हवेत."

मला वाटलं होतं, बिलोलीत त्या नान्नांना काही तरी गोड करून सांगतील. नव्वदीला टेकलेला माणूस. पांढरं धोतर, कानात बाळी, ऐकू कमी पण नजर शाबूत. ओट्यावर खलबत्ता आणि दगडी पाल्याचा ढीग. लेकीला बघून ते उभे राहिले आणि समोरच्या चौघांना म्हणाले, "हीच ती. माझी राजमणी."

मॅडमनी त्यांना आत नेलं. आधी तेलुगूत बोलल्या, हळू. नान्ना ऐकत होते. मग त्यांचा चेहरा ताठ झाला आणि ते मला कळावं म्हणून की काय, मराठीत बोलले, "म्हणजे एवढी वर्षं मी लोकांना फसवलं?"

"नाही, नान्ना. असं नाही."

"माझ्या हातानं किती लोक बरे झाले, तू बघितलंस. परात कुणी धरली होती?"

"मीच. झाले बरे, मी नाही म्हणत नाही. साधी जखम बरी होतेच, पाल्याची थोडी मदत होतही असेल. पण साधी कोणती आणि चिघळणारी कोणती, हे पाल्याला कळत नाही."

"मला कळतं."

"रक्तातली साखर कळते?"

  मॅडमचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतले होते. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील, मऊ करतील. त्या थांबून राहिल्या.

"न्हाई," नान्ना शेवटी म्हणाले. "साखर न्हाई कळत." आणि मग, "तुझ्या त्या माणसाचा पाय?"

"राहिला. दोन बोटं गेली."

"माझ्या इथून गेलेल्यांत कुणाचं काय झालं, ते मला कधी कळलंच न्हाई. बरे झालेले पाया पडायला यायचे. न झालेले कशाला येतील?"

मी इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण मॅडमनी त्या वेळी वडिलांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला कुठल्या वर्गात शिकवता आली नसती. त्यांनी नान्नांचे दोन्ही हात हातात घेतले आणि तेलुगूत काहीतरी म्हटलं. म्हातारा रडत नव्हता. त्या रडत होत्या.

 मला लातूरची बस पकडायची होती, कारण त्याच आठवड्यात संस्थेनं माझी लातूरच्या कॉलेजात बदली केली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. मी पाया पडून निघालो. पुढे मॅडम निवृत्त होऊन बिलोलीला राहायला गेल्या. त्याच ओट्यावर त्यांनी साखर तपासायचं यंत्र ठेवलं. पाला मागायला येणाऱ्याची आधी साखर बघायच्या, जखम साबणानं धुवायच्या आणि दवाखान्याची वाट दाखवायच्या. दगडी पाल्यावरचा त्यांचा निबंधही निघाला. कोणत्या जंतूवर चालतो आणि कोणत्यावर अजिबात चालत नाही, दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत. सविता आज लातूरला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. आम्ही सगळे फोनवर बोलायचो. पण भेटू भेटू म्हणता भेट झाली नाही, आणि गेल्या पावसाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. म्हणून बिलोलीचा तो रविवार हेच माझं त्यांना शेवटचं पाहणं ठरलं.

त्या रविवारी माझी बस स्टँडातून सुटून दवाखान्याच्या रस्त्याला लागली तेव्हा दुपारचं ऊन होतं. खिडकीतून मला मॅडम दिसल्या. ओट्यावर बसलेल्या चौघांतली एक बाई, पायाला फडकं बांधलेली, लंगडत चालली होती आणि मॅडमनी तिला दंडाला धरलं होतं. दुसऱ्या हातात त्या बाईची चप्पल होती. काहीतरी बोलत होत्या तिच्याशी, रागावत असाव्यात, कारण बाई हसत होती. मी हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या थोडं मागे, दुकानाला कुलूप लावून, धोतराचा सोगा एका हातानं उचलून धरत, नान्ना काठी टेकत टेकत येत होते.